पिंडारी हिमनदी आणि भोवतालची शिखरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंडारीला जाऊन आलेल्या माणसाला दोन प्रकारचे लोक भेटतात. एक विचारतात, "जमेल का आम्हाला?" दुसरे जाऊन आलेले असतात आणि जरा हिरमुसून विचारतात, "पण हिमनदी नक्की कुठे होती?" दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून खाली त्याला जागाही जास्त दिली आहे.

पिंडारी हिमनदी कुठे आहे?

उत्तराखंडच्या बागेश्वर जिल्ह्यात, नंदादेवी पर्वतसमूहाच्या दक्षिण अंगाला. तिच्या मुखातून पिंडर नदी निघते आणि कर्णप्रयागला अलकनंदेला मिळते. पंचप्रयागांमधला हा एक प्रयाग.

नकाशा उघडलाच आहे तर एक गंमत पाहून घ्या. जुन्या पायवाटेवर ढाकुरीची खिंड लागते. खिंडीच्या अलीकडे पडलेला पाऊस सरयूत जातो आणि पलीकडे पडलेला पिंडरमध्ये. सरयू बागेश्वरवरून वाहत जाऊन पुढे कालीला मिळते, पिंडर गढवालात शिरून अलकनंदेला. खिंडीच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब थेट गंगेच्या मैदानातच पुन्हा भेटतात, तेही बिहारात.

पिंडारी आणि पेंढारी यांचा काही संबंध?

नाही. इंग्रजीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात, त्यामुळे मराठी माणसाच्या मनात हटकून पेंढारी येतात. हे नाव पिंडर नदीवरून आलं आहे. लुटालूट करणारे घोडेस्वार इथवर आले नव्हते, आणि आले असते तरी त्यांच्या हाती काही लागलं नसतं.

ही हिमनदी छोटी आहे असं म्हणतात. किती छोटी?

गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. शेजारच्या गोरीगंगेच्या खोऱ्यातली मिलम साधारण १६ किलोमीटर. पिंडारी यांच्यापुढे अगदीच धाकटी, काही किलोमीटरांची. पण धाकटेपणातच तिचा गुण आहे. गंगोत्रीच्या मुखाशी उभं राहिलं तर हिमनदीचा फक्त शेवट दिसतो, उगम कुठेतरी वळणांच्या मागे राहतो. पिंडारीत बर्फ जिथे साठतं ती शिखरं, ते जिथून कोसळत उतरतं तो उतार आणि खाली उरलेला राडारोडा, सगळं मान एकदा वर-खाली केली की दिसतं. हिमनदी शिकायची असेल तर माझ्या मते यासारखी शाळा नाही.

हिमनदी म्हणजे गोठलेली नदी ना?

नाही, आणि हा गैरसमज आधी दूर केला तर पुढचं सगळं सोपं जातं. नदीचं पाणी गोठून हिमनदी होत नाही. वरच्या भागात वर्षानुवर्षं पडलेला हिम उन्हाळ्यात पुरता वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचा थर बसतो. खालचे थर दाबले जातात, त्यांतली हवा निघून जाते, कणांचा घट्ट बर्फ होतो. थर पुरेसा जाड झाला की तो स्वतःच्याच वजनाने उतारावरून सरकू लागतो. वरून पाहता दगडासारखा कडक असलेला हा बर्फ खोलवर मात्र घट्ट मळलेल्या कणकेसारखा वागतो. वरचा थर तेवढा ठिसूळ. उतार एकदम वाढला की तो तडकतो, आणि त्या तड्यांना हिमभेगा किंवा ट्रेकर लोकांच्या भाषेत क्रिव्हास म्हणतात.

पिंडारीला आणखी एक आवक आहे. चारी बाजूंच्या उभ्या कड्यांवरून हिमस्खलनं होतात आणि तो सगळा माल तिच्यावर येऊन पडतो. दुपारी ऊन तापल्यावर गडगडाट ऐकू येतो, तो ढगांचाच असतो असं नाही.

गढवालात हिमनदीला 'बमक' म्हणतात, कुमाऊंत 'गल'. दोन्ही शब्द आपल्या 'हिमनदी'पेक्षा बरे, कारण त्यांत नदी नाही.

झीरो पॉइंटवर पोचलो, पण हिमनदी दिसलीच नाही. चुकलं काय?

बहुतेक काही चुकलेलं नसतं. आपण डोळ्यांसमोर पांढरीशुभ्र, गुळगुळीत, जिभेसारखी पसरलेली बर्फाची चादर घेऊन जातो. झीरो पॉइंट साधारण ३,७०० मीटरवर आहे. तिथे पायवाट एका तुटलेल्या कड्याशी येऊन संपते. समोर असते मातीची, दगडगोट्यांची, करड्या रंगाची प्रचंड घळ. लोक म्हणतात, "हे तर खोदकाम केलेलं दिसतंय."

पहिली गोष्ट: तुम्ही ज्या उंच धारेवर उभे आहात, तीच हिमनदीने रचलेली आहे. बर्फ वाहताना दोन्ही कडांना दगडमातीचे बांध घालत जातो. त्यांना हिमोढ म्हणतात, ट्रेकर 'मोरेन' म्हणतात. एके काळी बर्फ या बांधाच्या काठापर्यंत भरलेला होता. आज घळ जितकी खोल दिसते, तितका बर्फ तिथून नाहीसा झाला आहे. पूर येऊन गेल्यावर पुलाच्या खांबावर पाण्याची रेघ उरते, तसंच हे.

दुसरी गोष्ट: नजर घळीतून हळूहळू वर न्या. माथ्याकडे, दोन डोंगरांच्या मध्ये, तुटक तुटक निळसर-पांढरे ठोकळे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतील. तो हिमप्रपात, म्हणजे आइसफॉल. पिंडारीचं खरं रूप ते. जिथे रंग निळा आहे तिथला बर्फ जुना आणि दाट असतो. पांढरा दिसतो तो नवा किंवा हवेने भरलेला.

तिसरी गोष्ट: खालचा करडा भाग म्हणजे निव्वळ माती असंही नाही. हिमनदीच्या खालच्या टोकावर दगडमातीचं पांघरूण असतं आणि त्याखाली बर्फ असू शकतो. पांघरूण पातळ असेल तर ते ऊन शोषून बर्फ लवकर वितळवतं, जाड असेल तर उलट बर्फाला जपतं.

हे सगळं बघायला दुर्बीण असेल तर न्या. अर्धा तास बसा. सेल्फी काढून दहा मिनिटांत परत फिरणाऱ्याला पिंडारी काहीच दाखवत नाही.

भोवताली कोणती शिखरं आहेत?

उत्तरेकडे तोंड केलंत तर डाव्या अंगाला बलजुरी (५,९२२ मीटर), पनवाली द्वार (६,६६३ मीटर) आणि नंदा खाट (६,६११ मीटर). उजव्या अंगाला छांगुच (६,३२२ मीटर) आणि त्याच्यापलीकडे या परिसराचा खरा मालक, नंदा कोट (६,८६१ मीटर). सकाळचं पहिलं ऊन डावीकडच्या शिखरांवर पडतं, कारण त्यांची तोंडं पूर्वेला आहेत.

नावं नीट वाचा. कोट म्हणजे किल्ला, खाट म्हणजे आपली खाटच, द्वार म्हणजे दार. नंदादेवी ही इथली माहेरवाशीण. कुमाऊं आणि गढवाल दोन्हीकडचे लोक तिला आपली लेक मानतात. त्या लेकीचं घर या डोंगरांत मांडलेलं आहे: इथे तिचा किल्ला, इथे तिची निजायची खाट.

खुद्द नंदादेवी दिसते का?

झीरो पॉइंटवरून नाही. ती (७,८१६ मीटर) याच भिंतीच्या मागे आहे, आणि भिंतीला इतकं चिकटून उभं राहिलं की मागचं काय दिसणार? ती बघायची तर कौसानी किंवा बिनसरसारख्या लांबच्या जागा बऱ्या.

या शिखरांवर कोण चढलं?

नंदा कोट १९३६ साली जपानच्या रिक्क्यो विद्यापीठाच्या तुकडीने सर केलं, याइची होत्ता यांच्या नेतृत्वाखाली. त्याच वर्षी टिल्मन आणि ओडेल हे ब्रिटिश गिर्यारोहक नंदादेवीच्या माथ्यावर पोचले होते, त्यामुळे जपान्यांची कामगिरी झाकोळून गेली. छांगुच त्यामानाने बुटकं, पण ते २००९ पर्यंत अजिंक्य राहिलं. उंची कमी म्हणजे डोंगर सोपा, असं हिमालयात कधी समजू नये.

ट्रेल पास म्हणजे ट्रेकची खिंड का?

तसं वाटतं खरं, पण हे माणसाचं आडनाव आहे. जॉर्ज विल्यम ट्रेल हा कुमाऊंचा ब्रिटिश कमिशनर. १८३० मध्ये तो पिंडारीच्या माथ्यावरची, नंदादेवी आणि नंदा कोट यांच्यामधली ५,३१२ मीटरची खिंड ओलांडून पलीकडे गोरीगंगेच्या खोऱ्यात उतरला, अशी नोंद आहे. स्थानिक लोक तिला पिंडारी कांडा म्हणतात, आणि ती आधी पार केली ती सुपी गावच्या मलक सिंह यांनी, असंही ठासून सांगतात. वाट दाखवणारा एक आणि नकाशावर नाव दुसऱ्याचं, ही गोष्ट हिमालयात नवी नाही.

ट्रेलबद्दल एक आख्यायिका आहे. बर्फावरच्या उन्हाने त्याचे डोळे गेले. लोक म्हणाले, देवीचा कोप झाला. मग त्याने अल्मोड्याच्या नंदादेवी मंदिरासाठी दान दिलं आणि दृष्टी परत आली. डॉक्टर सांगतील की हिमांधत्व असंही काही दिवसांत बरं होतं. अल्मोड्यात हे बोलू नका.

पुढे १९२६ मध्ये ह्यू रटलेज आपल्या पत्नीसह आणि कर्नल विल्सन यांच्यासह ही खिंड ओलांडून गेला. हाच रटलेज नंतर १९३३ आणि १९३६ च्या एव्हरेस्ट मोहिमांचा नेता झाला. आज खिंडीखालचा हिमप्रपात फार फाटला आहे आणि हे काम फक्त गिर्यारोहकांचं आहे.

डोंगरात अणुयंत्र हरवलंय म्हणे. पिंडरचं पाणी पिणं सुरक्षित आहे का?

गोष्ट खरी आहे, पण दोन डोंगरांची सरमिसळ होते. १९६५ मध्ये अमेरिका आणि भारत यांच्या गुप्तचर यंत्रणांनी चीनच्या चाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी नंदादेवीवर प्लुटोनियमवर चालणारं उपकरण बसवायचं ठरवलं. हवामानामुळे ते वाटेतच बांधून ठेवून लोक खाली आले. पुढच्या वर्षी गेले तर ते जागेवर नव्हतं. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत हे मान्य केलं. दुसरं उपकरण १९६७ मध्ये नंदा कोटवर बसवलं गेलं. ते काही काळ चाललं, बर्फात गाडलं गेलं आणि नंतर खाली आणण्यात आलं.

हरवलेलं यंत्र नंदादेवीच्या आतल्या खोऱ्याच्या बाजूला होतं. तिथलं पाणी ऋषिगंगेतून धौलीगंगेला जातं, पिंडरला नाही. पिंडरचं पाणी उकळून प्या, पण ते जंतूंसाठी.

हिमनदी किती मागे हटली आहे?

पिंडारीच्या नोंदी भारतात सर्वांत जुन्यांपैकी आहेत. रिचर्ड स्ट्रेची या लष्करी अभियंत्याने १८४७ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि लगेच ती किती सरकते हेही मोजलं. त्या काळी हिमालयात हिमनद्या आहेत की नाहीत यावरच विलायतेत वाद होता. १९०६ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कॉटर आणि ब्राउन यांनी तिच्या मुखाचं सर्वेक्षण केलं.

नेहमी दिला जाणारा हिशेब असा: १८४५ ते १९६६ या १२१ वर्षांत मुख सुमारे २,८४० मीटर मागे गेलं, म्हणजे वर्षाला सरासरी साडेतेवीस मीटर. मिलमसाठी १८४९ ते १९५७ चा आकडा वर्षाला साधारण साडेबारा मीटर आहे. म्हणजे धाकटीचा वेग जवळजवळ दुप्पट.

सरासरीला मात्र फार कवटाळू नका. हिमनदी दरवर्षी मोजूनमापून साडेतेवीस मीटर हटत नाही. काही वर्षं जवळपास जागेवर थांबते, मग मुखाकडचा एखादा तुकडा सुटून पडतो आणि एकदम मोठी उडी दिसते. शिवाय मुख मागे जाण्याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्वाचं आहे ते बर्फाचं पातळ होणं. ते फोटोत कळत नाही. त्या उघड्या पडलेल्या घळीच्या भिंतीत कळतं.

हे ट्रेकर लोकांमुळे होतंय का?

कचरा आपल्यामुळे होतो, त्यात शंका नाही. पण एवढा बर्फ काही हजार लोकांच्या पावलांनी वितळत नाही. वरचे आकडे पुन्हा पाहा. माघार १९व्या शतकातच सुरू झाली होती, तेव्हा जगभरचा एक थंड कालखंड संपत होता. नंतर त्यावर माणसाने वाढवलेल्या तापमानाचा भार आला. हिमाऐवजी पाऊस पडू लागला, खालच्या प्रदेशातली काजळी बर्फावर बसू लागली. कुमाऊंच्या हिमनद्यांना बराचसा हिम मॉन्सूनमध्ये मिळतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. त्यामुळे तापमान थोडं जरी वाढलं तरी हिमाचा पाऊस व्हायला वेळ लागत नाही.

हिमनदी संपली तर पिंडर आटेल?

पूर्ण नाही. कर्णप्रयागला पोचेपर्यंत पिंडरमध्ये पावसाचं, झऱ्यांचं, मोसमी हिमाचं आणि इतर हिमनद्यांचं पाणी मिसळलेलं असतं. फटका बसेल तो वरच्या टापूला आणि कोरड्या महिन्यांना, पाऊस यायच्या आधीच्या उन्हाळ्यात.

वाट कशी आहे?

रेल्वेने काठगोदाम, तिथून अल्मोड्यावरून बागेश्वर, मग कपकोट. पूर्वी लोहारखेतपासून चालायला सुरुवात व्हायची: ढाकुरी, खाती, द्वाली, फुरकिया आणि झीरो पॉइंट. आता गाडीरस्ता खरकियाच्या दिशेने पुढे सरकल्यामुळे बहुतेक जण ढाकुरी वगळतात. खातीहून द्वाली सुमारे ११ किलोमीटर, तिथून फुरकिया ५, आणि फुरकिया ते झीरो पॉइंट ७. वेळ असेल तर ढाकुरी वगळू नका. माईकतोली (६,८०३ मीटर) तिथून जशी दिसते तशी पुढे दिसत नाही.

वाटेवरचे टप्पे इतके सोयीचे का, असा प्रश्न पडतो. साहेब लोकांसाठी डाकबंगले बांधले गेले, म्हणून. आणि त्या साहेबांचं सामान गावकऱ्यांना सक्तीने, फुकट वाहावं लागायचं. हीच कुली-बेगार. जानेवारी १९२१ मध्ये उत्तरायणीच्या जत्रेत बागेश्वरला लोकांनी बेगारीच्या वह्या सरयूत फेकल्या. पोर्टरला रोजंदारी देताना घासाघीस करण्याआधी हे आठवावं.

सह्याद्रीत किल्ले चढतो. तेवढं पुरेल?

पाय पुरतील, फुप्फुसांचं सांगता येत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. इथे त्या उंचीच्या वर असलेल्या लोहारखेतहून तर वाट सुरू होते. चढ मात्र कुठेही हरिश्चंद्रगडाच्या नळीसारखा अंगावर येत नाही, दोर लागत नाही.

उंचीचा त्रास होतो का?

होऊ शकतो, आणि तो तंदुरुस्ती पाहून येत नाही. खाती २,२१० मीटर, द्वाली २,५७५, फुरकिया ३,२६०. शेवटची उडी एका मुक्कामासाठी मोठी आहे, तीही फक्त पाच किलोमीटरांत. म्हणून फुरकियाला दुपारीच पोचा, थोडं वर फिरून या आणि झोपायला खाली या. डोकेदुखी, मळमळ, जेवणावरची वासना उडणं ही सुरुवात. त्यात तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचं. गोळ्या घ्यायच्या तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून.

कधी जावं?

मे ते जूनच्या मध्यापर्यंत, किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. एप्रिलमध्ये बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) लाल फुललेला असतो, पण वर हिम असतं. पावसाळ्यात दरडी आणि वाहून गेलेले पूल. ऑक्टोबर स्वच्छ असतो हे खरं, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये कुमाऊंत अवेळी मुसळधार पाऊस आणि वर हिमवर्षाव झाला, तेव्हा या भागात ट्रेकर अडकले आणि शेजारच्या सुंदरढुंगा खोऱ्याच्या बाजूला जीवही गेले. परतीच्या तिकिटात एक-दोन दिवस मोकळे ठेवा.

झीरो पॉइंटसाठी फुरकियाहून पहाटे निघा. नऊ-दहानंतर ढग येऊन पडदा टाकतात.

हिमनदीवर चालता येईल का?

नाही. घळीत उतरायचा मोहही नको. कडा खालून पोखरलेला आहे आणि दरवर्षी ढासळतो. टोकाशी उभं राहून फोटो काढणाऱ्याला मागे ओढा, तो नंतर आभार मानेल.

वाटेत प्राणी, झाडं?

खातीच्या पुढे ओकचं आणि बुरांशचं जंगल, रिंगाळाची (बारीक बांबूची) बेटं, वर भोजपत्राची झाडं, मग बुग्याल म्हणजे कुरणं. मोनाल हा रंगीबेरंगी पक्षी दिसण्याची शक्यता चांगली, कड्यांवर भरल म्हणजे रानमेंढ्या. मे-जूनमध्ये कुरणांत पोटावर पडून गवत न्याहाळणारी माणसं दिसली तर ती आजारी नाहीत, कीडाजडी, म्हणजे अळीवर उगवणारी महागडी औषधी बुरशी, शोधतायत. त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा त्या काही आठवड्यांत असतो. त्यांना बोलण्यात गुंतवू नका आणि ते बसलेत त्या गवतातून चालू नका.

कफनी आणि सुंदरढुंगा जोडून घ्यावं का?

कफनी घ्या, वाट चालू आहे का ते खातीत विचारून. द्वालीला कफनी नदी पिंडरला मिळते. तिच्या काठाने वर गेलं की नंदा कोटच्या पायथ्याची हिमनदी लागते आणि पिंडारीत अर्धवट लपलेला तो डोंगर इथे पूर्ण समोर येतो. सुंदरढुंगा म्हणजे सुंदर दगडांचं खोरं, 'ढुंगा' म्हणजे दगड. ते जास्त रानटी आहे आणि पहिल्या फेरीत नको. १९३४ मध्ये गिर्यारोहक शिप्टन आणि टिल्मन नंदादेवीच्या आतल्या खोऱ्यातून त्या बाजूला उतरले होते. ती वाट पाहिली की ते उतरले कसे हेच कळत नाही.

परवाना, वाटाड्या?

वनखात्याची नोंदणी आणि शुल्क असतं. सध्याचे दर कपकोट किंवा बागेश्वरला विचारा. मुक्कामाला कुमाऊं मंडळ विकास निगमची विश्रामगृहं आहेत, खातीत लोकांच्या घरीही राहता येतं. वाट सापडायला वाटाड्या लागत नाही, पण तरी घ्या, आणि खातीचाच घ्या. झीरो पॉइंटवर पोचल्यावर त्याला विचारा, "तुमच्या लहानपणी बर्फ कुठपर्यंत होता?" तो हाताने जागा दाखवेल. त्या जागेपासून आजच्या बर्फापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजा.